जेल पोलिसात निवड झाली? आधी गिनती शिका

आपल्याकडे जळगाव धुळ्याला पहाटे ग्राउंडवर पळणारी पोरं पोलीस भरतीसोबत कारागृह शिपाईचा पण फॉर्म भरून ठेवतात, लागलं तर लागलं म्हणून. आमच्या भाच्याचं तसंच झालं, लिस्टमध्ये नाव आलं आणि पठ्ठ्याचा पहिला प्रश्न काय, तर मामा तिथं काठी देतात का. मी जेल खात्यातून हवालदार म्हणून रिटायर झालो, काठी उगारली असेल बोटांवर मोजण्याइतक्या वेळा, पण माणसं किती वेळा मोजली त्याला हिशोब नाही. म्हणून हे लिहितोय, त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या बाकीच्यांसाठी.

आधी एक डोक्यात क्लिअर करा. खाकी असली, गृहखातं एकच असलं तरी तपास, अटक हे आपलं काम नाही. कैद्याला कोर्टात नेणारी पार्टी पण जिल्हा पोलिसांची असते, आपण गेटवर सही घेऊन ताब्यात द्यायचा आणि परत आला की बघून, मोजून ताब्यात घ्यायचा. वरची उतरंड म्हणजे शिपाई, हवालदार, सुभेदार, मग तुरुंगाधिकारी आणि सगळ्यांच्या वर अधीक्षक.

आता गिनती, म्हणजे कैद्यांची मोजणी. सकाळी बरॅक उघडताना, संध्याकाळी बंद करताना आणि दर वेळी ड्युटी बदलताना. उभ्या गर्दीत मोजायला जाऊ नका, हमखास चुकते. जोडीजोडीने खाली बसवा आणि मग मोजा. कोर्टात किती गेले, दवाखान्यात किती, भटारखान्यात किती हे आधी कागदावर घ्या, नाहीतर एक कमी आला की घाम फुटतो आणि तो एक निघतो भाकरी थापत बसलेला. आधीच्या माणसाने सांगितलेल्या आकड्यावर सही करायची नाही, तो कितीही सिनियर असो. आणि रात्रीच्या राउंडला नुसती डोकी मोजू नका, तोंडावर चादर घेतलेल्याची छाती हलताना दिसली पाहिजे, नाही दिसली तर हाक मारा, शिव्या खा, पण उठवा. आत कोणी दगावला तर मॅजिस्ट्रेट चौकशी लागते, मानवी हक्क आयोगाला 24 तासांच्या आत कळवावं लागतं, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच की शेवटचा राउंड कोणी केला आणि काय पाहिलं.

नवीन माणूस आला की घाई नको. वॉरंट नीट वाचा, अंगझडती घ्या (बाईची झडती बाईनेच घ्यायची, यात सूट नाही), पैसे अंगठी काय असेल ते त्याच्यासमोर लिहा. अंगावर मार दिसला तर डॉक्टरकडून आधी नोंद करून घ्या, नाहीतर बाहेरचा मार आपल्या नावावर चढतो. अंगावरच्या खुणा लिहायचा कंटाळा करू नका. माझ्या वेळेस एकाच पाड्यावरचे दोघं होते, नाव तेच, आडनाव दोघांचं पावरा, एकाचा जामीन झाला आणि हाक मारल्यावर दुसराच पिशवी घेऊन गेटपर्यंत आला. लबाडीने नव्हे हो, त्याला वाटलं आपलाच झाला. बापाचं नाव विचारलं तर जुळेना, रजिस्टर काढलं, त्यात उजव्या भुवईवर जुना व्रण लिहिलेला आणि या गड्याची भुवई साफ. तो व्रण ज्याने लिहिला त्याच्यामुळे आमची नोकरी वाचली. म्हणून सोडताना नाव, बापाचं नाव, केस नंबर, खूण, आणि दुसऱ्या केसचं वॉरंट पडलेलं नाही ना, एवढं बघितल्याशिवाय गेट उघडायचं नाही.

धडगाव, शिरपूरकडच्या पोरांना मराठी धड कळत नाही. तेव्हा ओरडून उपयोग नाही, पावरी (पावरा आदिवासींची बोली) येणारा दुसरा कैदी शेजारी बसवा. अहिराणीवाला असला तर "तुनं नाव काय शे भाऊ" एवढ्यानेच तो मोकळा होतो. मग विचारा वकील शे का, नसला तर विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो. हे पण आपलंच काम आहे. जामीन होऊनही कागद नाहीतर जामीनदार नाही म्हणून सात दिवसांत सुटला नाही तर अधीक्षकांनी प्राधिकरणाला कळवायचं असतं, 2023 चा सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे. आणि नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 मध्ये, आधी कधी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने (म्हणजे ज्याची केस अजून कोर्टात चालू आहे) त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढला की अधीक्षकांनी स्वतः कोर्टात अर्ज करायचा (फाशी जन्मठेपेचे गुन्हे सोडून, आणि अजून केसेस असतील तर नाही). तारखा आपण नीट ठेवल्या तरच साहेबांना कळणार ना.

जात बघून काम वाटायचं नाही. पारधी आहे, भिल्ल आहे, दे झाडू, हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय आणि गप्प बसलोय, खोटं कशाला बोलू. ऑक्टोबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते साफ बंद केलं, रजिस्टरमधला जातीचा रकाना पण काढायला सांगितला.

गेटवर तंबाखूची पुडी, सिमकार्ड सापडेल, भिंतीवरून चेंडूत भरून पण फेकतात, ते शिकाल हळूहळू. खरं भोक आपल्या खिशाला असतं. सुरुवात पैशाने होतच नाही, "साहेब घरी फक्त एवढा निरोप द्या" इथून होते, मग चहा, मग पुडी. कैद्याशी पैशाचा कसलाही व्यवहार 1894 च्या तुरुंग कायद्यापासून बंद आहे.

मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो, बरॅकची भिंत रात्री पण हाताला चटका देते, तेव्हा भांडणं नळावरून आणि पंख्याखालच्या जागेवरून होतात. आधीच पाण्याचे ड्रम भरून ठेवा, अर्धी भांडणं तिथंच मिटतात. याच धुळ्याच्या जेलात 1932 साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी बसून लिहून घ्यायचे. आपल्याला तसे कैदी मिळणार नाहीत, पण आपल्याला पण लिहायचंच आहे, रोजच्या रोज.

पहिल्या दिवशी शिट्टी, खिशात मावणारी डायरी, दोन पेन आणि साधं घड्याळ न्या. मोबाईल बाहेर ठेवायचा, तेव्हा घरी आधीच सांगून ठेवा की ड्युटी संपेपर्यंत फोन लागणार नाही. नाहीतर ते काळजीने गेटवर येऊन उभे राहतात, आमची म्हातारी आली होती, शेवभाजीचा डबा घेऊन, आणि तो डबा पण मला झडती घेऊनच मिळाला.