मालवणच्या घरगुती खानावळीत जेवायला जाताय? आधी फोन करा

माझं माहेर पुण्याचं आणि सासर कुडाळजवळचं, त्यामुळे दरवर्षी ओळखीतलं कोणी ना कोणी मालवण-तारकर्लीला निघालं की मला मेसेज येतो, "चांगलं जेवण कुठे मिळेल गं?" खरं सांगू का, मालवण, तारकर्ली, देवबाग ह्या पट्ट्यात चांगलं जेवण मिळणं अजिबात अवघड नाही, वाडीवाडीत घराच्या पडवीत चार टेबलं टाकून खानावळ चालवणारी माणसं आहेत, आणि त्यातली बरीच उत्तम रांधतात. पण तिथे जेवायचं कसं हे कोणी सांगत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, हे हॉटेल नाही. काकी सकाळी बाजारात जाऊन किंवा दारावर आलेल्या कोळणीकडून मासे घेणार, घरचा नारळ खवणार, वाटण करणार, आणि हे सगळं किती माणसांचं करायचं ते त्यांना सकाळीच कळायला हवं. म्हणून सकाळी ९-१० च्या आत फोन करा, माणसं किती, त्यात लहान मुलं किती, शाकाहारी कोण, किती वाजता येणार, एवढं सांगून टाका. आम्ही लग्नानंतर पहिल्याच वर्षी न सांगता दुपारी तीनला आठ जणं एका खानावळीच्या दारात जाऊन उभे राहिलो, मासे संपलेले, चूल विझलेली, तरी त्या काकींनी भात टाकला आणि कुळथाची पिठी करून वाढली. ती पिठी मला आजही आठवते पण त्यांना ऐन विश्रांतीच्या वेळी पुन्हा चुलीपुढे उभं केलं ह्याचं वाईट अजून वाटतं.

कोंबडी-वडे हवे असतील तर आदल्या रात्रीच सांगा. गावठी कोंबडी शिजायलाच खूप वेळ लागतो, वर वड्यांचं पीठ भिजवून ठेवावं लागतं, त्यामुळे टेबलावर बसल्यावर ऑर्डर दिली आणि अर्ध्या तासात आली तर ती बहुतेक ब्रॉयलर असणार. आणि स्कूबा किंवा बोटिंगला जाणार असाल तर जाण्याआधी जेवण सांगून जा, कारण सीझनमध्ये म्हणजे दिवाळीची सुट्टी, ख्रिसमस, मे महिना, सगळ्या बोटी एकदमच परततात आणि दोन वाजता प्रत्येक खानावळीत झुंबड उडते. साडेबाराला जेवायला बसाल तर वडे गरम मिळतील, काकी दोन शब्द बोलतील पण.

आता काय मागवायचं. मेनूकार्ड असलं तरी बाजूला ठेवा आणि विचारा, "काकी, आज मासे खंयचे इलेत?" (म्हणजे आज मासे कोणते आलेत?) मालवणी नाही आली तर साध्या मराठीत विचारा, काही बिघडत नाही, पण प्रश्न हाच. पुण्या-मुंबईची माणसं गाडीतून उतरतात ती सुरमई आणि पापलेट बोलतच उतरतात, आणि मग फ्रीजमधलं जे असेल ते तळून समोर येतं. त्या दिवशी रापणीला (किनाऱ्यावरून ओढतात त्या मोठ्या जाळ्यात) बांगडा आला असेल तर बांगडाच खा, पेडवे आले असतील तर पेडवे, मुडदुशी मिळाली तर सोडूच नका. माझ्या सासूबाई म्हणतात ताजा बांगडा असताना शिळी सुरमई कशाला, आणि इतक्या वर्षांत मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलंय. बांगडा थाळी सुरमई थाळीपेक्षा बरीच स्वस्त पण पडते. पापलेटचं म्हणाल तर २०२३ मध्ये आपल्या सरकारने त्याला राज्य मासा जाहीर केलंय कारण तो कमी होत चाललाय, तेव्हा ताटात तळहाताहून लहान पिल्लू येणार असेल तर प्लीज नको म्हणा.

थाळीत साधारण एक तळलेली तुकडी नाहीतर अख्खा बांगडा, माशाची आमटी, भात, चपाती किंवा भाकरी, कुठे सुकं, आणि सोलकढी असं येतं. भात-आमटी बहुतेक ठिकाणी हवी तेवढी वाढतात, तुकडी मात्र एकच. एक्स्ट्रा मासा घेणार असाल तर साईजप्रमाणे रेट असतो, तो तळायच्या आधी विचारून घ्या, लाजू नका, त्यांनाही तेच बरं पडतं. मासा दाखवा म्हटलं तर बहुतेक जण आनंदाने दाखवतात, डोळे चमकदार आणि कल्ले लाल दिसले की निश्चिंत व्हा.

खाताना चमचा बाजूला ठेवा, काटे बोटांना कळतात, चमच्याला नाही. बांगड्याच्या पाठीवरून मधोमध बोट फिरवलं की तो दोन भागांत सुटतो, मधला काटा अख्खा उचलून ठेवायचा, मग पोटाकडचे काटे बघायचे. पेडवे आणि कर्ली म्हणजे काट्यांचं रान, मुलांना देऊ नका, त्यांना सुरमईची तुकडी द्या. बांगड्याच्या नाहीतर पेडव्याच्या आमटीत काळपट फुटलेल्या छोट्या फळासारखं काही दिसलं तर ते तिरफळ, त्याचा वास घ्यायचा, चव घ्यायची, पण चावायचं नाही, बाजूला काढून ठेवायचं. चावलंत तर जीभ बधिर होते आणि पुढचे काही घास काहीच कळत नाही (नवरा लग्नात हे सांगायला विसरला होता). माशाच्या आमटीचं वाटण ओल्या खोबऱ्याचं आणि कोंबडीचं भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं, म्हणून दोन्ही एकाच जेवणात मागवून आमट्या मिसळू नका, दोन्हींची मजा जाते. दुपारी मासे खा, रात्री कोंबडी.

सोलकढीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. ती आल्याआल्या सरबतासारखी पिऊन टाकतात लोक आणि मग शेवटी काही उरत नाही. अर्धी वाटी राखून ठेवा, मासे संपले की शेवटचा भात साधा घ्या, त्यावर सोलकढी ओता आणि तो भात ओरपत खा. तळलेल्या माशानंतर पोटाला जे बरं वाटतं ते दुसऱ्या कशाने नाही वाटत. चांगल्या सोलकढीत नारळाचं दूध ताजं असतं, आगळाचा (म्हणजे कोकमाच्या रसाचा) आंबटपणा असतो, लसूण आणि मिरची जेमतेम लागते, आणि ती थोडा वेळ ठेवली तर वर-खाली वेगळी होते, म्हणजे खराब झाली असं नाही, ढवळा आणि प्या.

शाकाहारी मंडळींनी अजिबात हिरमुसायचं कारण नाही. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या सांगा, घावणे सांगा, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास गेलात तर ओल्या काजूची उसळ सांगा, ती तर मांसाहारी माणसंसुद्धा पळवतात. फक्त फोनवरच स्पष्ट सांगा की तवा आणि तेल वेगळं हवंय, आणि भाजीत सुकट-सोडे (सुकवलेला जवळा-कोळंबी) नकोत, कारण कोकणात वांग्यात किंवा दोडक्यात थोडी सुकट टाकणं ही रोजची गोष्ट आहे आणि त्यांच्या लेखी ती भाजीच असते. कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी असेल त्यांनी पण हे आवर्जून विचारा.

कधी जायचं? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तेव्हा समुद्राच्या ताज्या माशांची वाट बघू नका. पण पावसाळा टाळा असं मी म्हणणार नाही, पहिल्या पावसात ओढ्यांना चढणीचे मासे येतात, शेतातल्या कुर्ल्या (खेकडे) असतात, टाकळ्याची भाजी असते, आणि सुका बांगडा भाजून पेजेबरोबर खाल्ला नसेल तर तेवढ्यासाठी तरी जाच. सोमवारी, संकष्टीला, श्रावणात काही घरी मासे करत नाहीत, फोनवर कळेलच. गणपतीत मात्र जेवणाची आशा ठेवू नका, प्रत्येक घरात गणपती असतो, मुंबईचे सगळे चाकरमानी घरी आलेले असतात, कितीतरी खानावळी तेव्हा बंद असतात.

रेंजचा भरवसा नसतो त्यामुळे यूपीआयवर अवलंबून न राहता कॅश जवळ ठेवा. उशीर होणार असेल तर कळवा, आठ माणसांचं सांगून पाच जणं गेलात तर ठरलेले पैसे द्या, मासे तुमच्यासाठी आणलेले असतात. आणि उठताना थेट आत डोकावून रांधणाऱ्या काकींना सांगा काय आवडलं ते, बिल घ्यायला बाहेर मुलगा नाहीतर काका असतात, कौतुक त्यांच्यापाशीच थांबतं आणि चुलीपर्यंत पोचत नाही. घरचं आगळ विकायला असेल तर एक बाटली घ्या, झाकणाला प्लॅस्टिक लावून रबर घाला आणि बाटली उभीच ठेवा, आगळाचा डाग गाडीच्या सीटवरून निघत नाही.