जुना व्हीसीआर सुरू करताय? पॉवर सप्लायच्या बाबतीत या चुका टाळा

लग्नाच्या, मुंजीच्या व्हीएचएस कॅसेटी डिजिटल करून घ्यायच्या ठरलं की माळ्यावरचा व्हीसीआर खाली येतो, फडक्याने पुसला जातो आणि लगेच प्लगला लागतो. जपानच्या फुनाई कंपनीने 2016 मध्ये व्हीसीआरचं उत्पादन थांबवलं, त्यामुळे नवं मशीन मिळण्याची आशा नाही. आहे तेच जपायचं आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे चालू झालं की लगेच घरची कॅसेट आत घालणं. कॅसेट आत गेली की यंत्रणा टेप बाहेर ओढून हेड ड्रमभोवती (टेप वाचणारा फिरता गोल) गुंडाळते आणि त्या क्षणी मोटर भरपूर करंट मागते. सप्लाय अशक्त असेल तर व्होल्टेज तिथेच कोसळतं, मशीन अर्ध्यात थांबतं, टेप बाहेर लोंबकळत राहते आणि इजेक्टही चालत नाही. सप्लाय दुरुस्त होतो. चुरगळलेली टेप पूर्ववत होत नाही. म्हणून आधी अर्धा तास रिकामं मशीन चालवा, मग एखादी टाकाऊ कॅसेट घालून प्ले, रिवाइंड, इजेक्ट सगळं करून बघा.

वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या मशीनला थेट 230 व्होल्ट देऊ नका. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला (वीज साठवणारा, आत द्रव असलेला छोटा डबा) ऑक्साइडचा पातळ थर वापर नसताना कमजोर होतो आणि गळती वाढते. 60 किंवा 100 वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे वीज बल्बातून पुढे मशीनला जाईल असा लावा. एलईडी इथे उपयोगाचा नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. व्हेरिअ‍ॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) व्होल्टेज हळूहळू चढवणं जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायला चालतं, पण एसएमपीएस (वेगाने चालू-बंद होणाऱ्या स्विचवर चालणारा सप्लाय) कमी व्होल्टेजवर उलट जास्त करंट ओढतो.

फ्यूज उडाला म्हणून जाडी तार गुंडाळणं तर अजिबात नको. काच आतून काळी झाली असेल तर रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) किंवा स्विचिंग ट्रान्झिस्टर शॉर्ट असण्याची दाट शक्यता आहे. नवा फ्यूजही तसाच उडेल.

आता सर्रास होणारी चूक: फक्त फुगलेले कपॅसिटर बदलणं. मशीन रोज चालतं, एक दिवस लाइट जाते आणि परत आल्यावर मशीन उठतच नाही. हे लक्षण दिसलं की प्रायमरी (मेन्सशी जोडलेल्या) बाजूचा स्विचिंग आयसीजवळचा छोटा कपॅसिटर बघा, बहुधा 10 ते 47 मायक्रोफॅरडचा. सप्लाय एकदा सुरू झाला की आयसीला ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधून वीज मिळत राहते. सुरुवातीचा धक्का मात्र हा कपॅसिटर देतो. तो गरम रेझिस्टर नाहीतर हीटसिंकला खेटून बसवलेला असतो, आतला द्रव सुकतो आणि वरून टोपी अगदी सपाट, चकचकीत दिसते. हेअर ड्रायरने ऊब दिल्यावर मशीन चालू झालं तर निदान जवळपास पक्कं. पण ऊब देऊन काम भागवत राहू नका. साधा मीटर कपॅसिटन्स बरोबर दाखवू शकेल, कारण बिघाड बहुधा ईएसआरमध्ये (कपॅसिटरच्या आतल्या रोधात) असतो. ईएसआर मीटर नसेल तर तो कपॅसिटर सरळ बदला.

आउटपुटला मीटरवर 12 व्होल्ट दिसले म्हणून सप्लाय चांगला, हाही गैरसमज. मीटर सरासरी दाखवतो, त्यावरची लहर नाही. चित्रात आडवे पट्टे सरकत असतील, आवाजात घरघर असेल, तर ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावून खात्री करा.

हात घालण्यापूर्वी एक गोष्ट. मुख्य फिल्टर कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही टिकू शकतात. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका. 10 किलोओहम, 5 वॅटचा रेझिस्टर नीट इन्सुलेट केलेल्या प्रोबने काही सेकंद लावून डिस्चार्ज करा आणि मीटरने शून्य आल्याचं बघा. प्रायमरी आणि सेकंडरीचे (आउटपुट बाजूचे) ग्राउंड वेगळे असतात. काळा प्रोब चुकीच्या ग्राउंडला असेल तर रीडिंग निरर्थक, आणि स्कोपची क्लिप प्रायमरीला लावली तर मोठा स्फोटच. मेन्सच्या कामाचा सराव नसेल तर हे काम जाणत्या कारागिराकडेच द्या.

सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी मिळतं. 105 डिग्री तापमान सोसणारेच कपॅसिटर घ्या, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त. भंगार बोर्डावरून काढलेले नकोत. काढण्याआधी बोर्डाचा फोटो काढा; कपॅसिटरवरचा पट्टा निगेटिव्ह असतो. बोर्डावरचा पिवळा गोंद तपकिरी झाला असेल तर खरवडून काढा, तो वीज वाहू लागतो आणि पाय गंजवतो. नातेवाइकांनी अमेरिकेतून पाठवलेलं मशीन असेल तर मागची पट्टी वाचा. फक्त 120 व्होल्ट लिहिलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेलच.

दुरुस्तीनंतर मशीन तास-दोन तास चालवा, मग प्लग काढून रात्रभर ठेवा. सकाळी थंड असताना पहिल्या झटक्यात सुरू झालं, तरच लग्नाची कॅसेट आत घाला.