नराराला स्पंजखाऊ गोगलगाय शोधायला जाताना

स्पंज खाऊन जगणारी, कवच नसलेली समुद्री गोगलगाय बघायला बडोद्याहून जामनगरजवळच्या नराराच्या किनाऱ्यावर जायचं तर तिकिटाआधी तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत मोठं उधाण असतं. तेव्हाच ओहोटीचं पाणी पार खाली जातं आणि स्पंज, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे साधे समुद्री प्राणी, दिसायला लागतात. अष्टमीच्या सुमारास, भांगात, म्हणजे भरती-ओहोटी लहान असताना गेलात तर पाणी पुरेसं उतरतच नाही. तिथीवरून दिवस कळतो, वेळ मात्र भरती-ओहोटीच्या तक्त्यातच मिळेल. हाती कच्छच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या ओख्याचा तक्ता असेल तर एक ध्यानात असू द्या: भरती आखाताच्या तोंडातून आत येते, म्हणून आतल्या किनाऱ्यावर वेळ उशिराची धरायची. ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. ती उजेडात येईल असाच दिवस निवडा. पाणी तळाला जायच्या दोन तास आधी आत चालायला लागा आणि ते फिरलं की लगेच परत निघा. किनारा सपाट आहे, मागच्या घळी नकळत भरतात.

हा भाग १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. ओळखपत्र, वनखात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या, तिन्ही हवंच. रिकामा शिंपलासुद्धा उचलायचा नाही.

पायात जाड तळव्याचे, घट्ट बसणारे बूट घाला. चप्पल चिखलात रुतते आणि प्रवाळ पाय कापतो. पाण्यात पाऊल उचलून न टाकता सरकवत चाला, म्हणजे वाळूत दडलेला पाकट (शेपटीत काटा असलेला चपटा मासा) आधीच निसटतो. माणशी २ लिटर पाणी, टोपी आणि दशम्या किंवा थेपले पुरेत.

खरी तयारी नजरेची. गोगलगाय शोधू नका, तिचं अन्न शोधा. नमुना म्हणून जोरुना फ्युनेब्रिस घ्या. निसर्गअभ्यासक केलार्टनं १८५९ मध्ये श्रीलंकेतून वर्णन केलेली ही जात साधारण ५ सेमीची, पांढरी, पाठीवर काळ्या कड्या. कडी नीट पाहिली तर ती सपाट रंगाची नसते, बारीक कुसळांच्या पुंजक्यांची असते. पुढे दोन शिंगांसारखे स्पर्शक असतात, ते वासावर चालतात. मागे कल्ल्यांचा तुरा असतो. खरवडणाऱ्या दातेरी जिभेनं ती स्पंज खाते. तिच्या पाठीतून आणि चिकट स्रावातून २००० साली वेगळं केलेलं जोरुमायसिन हे विषारी द्रव्य स्पंजात सापडणाऱ्या द्रव्यांच्याच कुळातलं आहे. कवच नसूनही ती उघड्यावर बसते ती अशा द्रव्यांच्या भरवशावर. म्हणून स्पंजावरची ताजी खरवड आणि जवळ चिकटलेली, गुंडाळलेल्या फितीसारखी अंडी, या दोन खुणा आधी हेरा.

चपटा कृमी बघून फसायला होतं; तो पानासारखा पातळ असतो, त्याला कल्ल्यांचा तुरा नसतो.

फोटो पाण्यातच घ्या. गोगलगाय बाहेर काढली की तुरा मिटतो, अंग लोळागोळा होतं आणि ओळख पटवणारं काहीच उरत नाही. घरी खिडकीशी परातीत पाणी भरून तळाशी नाणं ठेवा आणि चकाकी टाळून ते टिपायचा सराव करा. तिथे वरून एक, बाजूनं एक, स्पर्शकांचा एक, तुऱ्याचा एक आणि खालच्या स्पंजाचा एक असे पाच फोटो हवेत. स्पंजाचाच हमखास राहतो. स्पंजाला उघडा हात लावू नका, त्याच्या काचेसारख्या सुया कातडीत घुसतात. दगड उलटलात तर तो होता तसाच, होता तिथेच ठेवा. खालचे जीव उन्हात मरतात.