क्रेडिट कार्डाचं कमिशन ग्राहकाकडून कसं वसूल करावं

"कार्ड असेल तर दोन टक्के वर पडतील." लक्ष्मी रोडवर साडी घेताना किंवा तपकीर गल्लीत पंखा घेताना हे वाक्य काउंटरवर कधी ना कधी कानावर येतंच. दुकानदाराची अडचण खरी आहे. मशीन देणारी बँक आपलं कमिशन, म्हणजे एमडीआर, कापून घेते आणि उरलेलेच पैसे खात्यात टाकते. पण ऐन बिलाच्या वेळी दोन टक्के मागितले की गिऱ्हाईक दुखावतं आणि दुकानदार नियमातही अडकतो. तेच पैसे सरळ मार्गाने काढता येतात.

आधी मशीनचं महिन्याचं स्टेटमेंट काढा आणि कशावर किती कापलं ते वेगवेगळं मांडा. रुपे डेबिट कार्ड आणि बँक खात्यातून होणारं यूपीआय यांवर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे. बाकीच्या डेबिट कार्डांना रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे: वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, त्यापुढे ०.९० टक्के. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, दर बँकेशी ठरतो. म्हणजे खरा प्रश्न बहुतेक क्रेडिट कार्डावरच्या विक्रीचाच असतो.

मग बँकेशी केलेला करार वाचा. ग्राहकाकडून कार्डासाठी वेगळा आकार घेऊ नये, असं कलम त्यात बहुधा सापडेल. डेबिट कार्डाच्या बाबतीत तर एमडीआर ग्राहकावर टाकला जाणार नाही हे बघायची जबाबदारी रिझर्व्ह बँकेने बँकांवरच टाकली आहे. पाकीटबंद मालावर छापील किमतीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही. 'मशीनचा चार्ज' हे कारण तिथे चालत नाही.

आता हिशेब. इथे घाई करू नका, कारण बरेच जण इथेच चुकतात. समजा दर १.८ टक्के आहे. २०,००० रुपयांच्या साडीवर ३६० रुपये कमिशन आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६४.८० रुपये, एकूण ४२४.८० गेले. नियमित जीएसटी भरत असाल तर हे ६४.८० इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून परत घ्या, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून वजा करा. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या जीएसटीच्या ठोक दराच्या योजनेत असाल, तर ते मिळत नाहीत. नियमित भरणाऱ्याचे उरले ३६०. पण प्रत्येक गिऱ्हाईक क्रेडिट कार्ड काढत नाही. १०० रुपयांच्या विक्रीतले ३० रुपये क्रेडिट कार्डावर येत असतील, तर संपूर्ण विक्रीवर बोजा पडतो ०.५४ टक्के. म्हणजे २०,००० च्या साडीमागे सरासरी १०८ रुपये! एवढ्यासाठी दारात आलेल्या माणसाशी वाद घालू नये, असं मला मनापासून वाटतं.

स्वतःचा आकडा निघाला की नव्या मालाची किंमत लावताना तो भाडं, वीज, पगार यांच्या शेजारी मांडा. छापील किमतीच्या मालात ही सोय नाही. तिथे मार्जिनमधूनच सोसावं लागतं, किंवा घाऊक व्यापाऱ्याशी भाव करावा लागतो.

सगळ्यांसाठी किंमत वाढवायची नसेल तर उलटी बाजू धरा. किमतीच्या पाटीवर क्रेडिट कार्डाचा भाव लिहा आणि यूपीआय किंवा रोखीला एक टक्का सूट द्या. सूट बिलावरच दाखवा, म्हणजे जीएसटी कमी झालेल्या रकमेवर लागेल. पाटी दर्शनी भागात हवी. माल बांधून झाल्यावर सांगितलेली अट कुणालाच आवडत नाही. रोखीला सूट देताना एक भान ठेवा: एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. लग्नाच्या बस्त्यात ही रक्कम सहज ओलांडली जाते.

शेवटी दर कमी करून घ्या. सहा महिन्यांची स्टेटमेंटं घेऊन दुसऱ्या दोन बँकांकडून लेखी दर मागवा आणि ते आपल्या बँकेला दाखवा. विचारताना मशीनचं मासिक भाडंही धरा, नाहीतर कमी दर दिसतो आणि भाड्यात पैसे जातात.