बोटांनी रंगवायची खळ: दीड ते तीन वर्षांच्या मुलांसाठी

या वयातलं मूल चित्र काढत नसतं, रंग कसा वागतो ते बघत असतं. दाबला की पसरतो, बोट ओढलं की रेघ उमटते, वरून तळवा फिरवला की ती पुसली जाते. हे हाताला कळायला ब्रशपेक्षा घट्ट खळ बरी. बोटं तोंडात जाणारच, म्हणून ती घरी शिजवलेली असावी.

अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर आधी अर्धी वाटी गार पाण्यात कालवा. थेट गरम पाण्यात टाकलं तर पिठाचा बाहेरचा थर लगेच शिजतो, आत कोरडं राहतं आणि न मोडणाऱ्या गुठळ्या होतात. कालवलेल्यात दीड वाटी पाणी घालून पातेलं मंद आचेवर ठेवा आणि ढवळत राहा. बराच वेळ काहीच घडत नाही, मग एकाएकी दाटतं. तेवढ्यात हात थांबला तर बुडाला लागलंच. दुधी रंग जाऊन खळ काचेसारखी दिसू लागली की उतरवा. निवताना ती आणखी आळते, म्हणून आचेवर जरा सैलच ठेवा. वर साय धरते, ती काढून टाका. कडेला कोमट लागली तरी मधे चटका बसेल इतकी गरम असू शकते, तेव्हा तळापासून ढवळून स्वतःच्या मनगटावर लावून बघा.

आता दोन वाट्यांत काढून खाण्याच्या रंगाचे दोन-तीन थेंब घाला. जास्त घातले तर हातावरचा डाग लवकर जात नाही. रंग दोनच द्या, पिवळा आणि निळा. एकमेकांत शिरले की मधोमध हिरवा उगवतो आणि मूल थबकून बघतं. सोबत लाल दिला तर थोड्या वेळात सगळं मातकट होतं.

जाड, मोठा कागद जमिनीवर चारही कडांनी चिकटपट्टीने चिकटवा. या वयात हात खांद्यापासून फिरतो. लहान कागद अपुरा पडतो आणि सुटा कागद हाताबरोबर ओढला जातो. त्यावर एकेका रंगाचा मोठा चमचाभर गोळा ठेवा. वाटी हातात दिली तर ती उपडी होणार.

काही मुलांना चिकट स्पर्श नकोसा होतो. अशा वेळी बोट धरून बुडवू नका, चमचा द्या. हात आपणहून पुढे येतो, कधी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला.

तुम्ही शेजारीच बसा, पण काढून दाखवू नका. ‘हे काय काढलंस?’ याला मुलाकडे उत्तर नसतं. त्यापेक्षा जे दिसतंय ते बोला: ‘केवढी लांब रेघ ओढलीस!’ पाच-दहा मिनिटांत उठून गेलं तर तेवढंच पुरे.

हात पुसायला ओला फडका जवळ ठेवा. पाण्याची बादली नको, थोड्या पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. न उष्टावलेली खळ झाकून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. पाणी सुटलं तर घोटून घ्या, आंबूस वास आला तर फेकून द्या.