जुनी फोर बाय फोर जीप घेताय? रंगाला भुलण्याआधी या चुका टाळा

माझ्या मावसभावाने गेल्या वर्षी जुन्या जीप घेऊन, सजवून विकणाऱ्या एकाकडून महिंद्राची एमएम ५४० जीप घेतली. मिलिटरी हिरवा रंग, नवं कॅनव्हासचं हूड, जाडजूड टायर. तिसऱ्याच दिवशी तुळजापूरच्या घाटात इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. पुढच्या आठवड्यात आरटीओत कळलं की चासीचा नंबर आरसीशी जुळत नाही. इंजिनाचं काम पैसे घालून झालं. नंबराचं अजून अडकलेलंच आहे.

अशा विक्रेत्याचं गणित आधी समजून घ्या. गाडी त्याच्याकडे दोन-तीन महिने असते, त्यामुळे पैसा दिसेल तिथेच पडतो: रंग, सीट, बंपर, टायर. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, चासी उघडून बघायला त्याला परवडत नाही. सगळेच फसवतात असं अजिबात नाही. पण तुम्ही तपासणी उलट्या क्रमाने करा. आधी कागद, मग चासी, मग इंजिन, रंग सगळ्यात शेवटी.

पहिली चूक म्हणजे कागद 'नंतर बघू' म्हणणं. चासीवर ठोकलेला नंबर स्वतः घासून साफ करा, कागद ठेवून पेन्सिलने प्रिंट घ्या आणि आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. इंजिन नंबरही बघा, कारण जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलेलं असतं आणि आरसीवर इंधन पेट्रोलच राहतं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी पासिंग करून नूतनीकरण आणि पर्यावरण कर. नोंदणी संपलेली असेल तर तो खर्च कोणाचा, हे इसार देण्याआधी ठरवा. जुनी नोंद ऑनलाइन चढलेली नसेल तर ती आरटीओकडून चढवून घ्यावी लागते (याला बॅकलॉग म्हणतात), तेही विचारा. आपल्या सोलापूर भागात विजापूर, कलबुर्गीच्या केए २८, केए ३२ पासिंगच्या गाड्या सर्रास येतात. त्यांना तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ हवाच, आणि इथला रोड टॅक्स वेगळा. कर्ज चढलेलं असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र मिळेपर्यंत थांबा.

'व्हिंटेज आहे, पुढे भाव वाढेल' हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी. तिला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, पण ती रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. १९९० ची जीप कोणी व्हिंटेज म्हणून विकत असेल तर ते पैसे देऊ नका. तसंच 'दुसऱ्या महायुद्धातली विलीज' (विलीज ही जीप बनवणारी अमेरिकन कंपनी). महिंद्राने १९४७ पासून विलीज जीप इथे जोडल्या आणि पुढे परवान्यावर बनवल्या, त्यामुळे नावाची पाटी कुठल्याही जीपवर लावता येते. युद्धातल्या जीपच्या पत्र्याच्या जाळीला उभ्या नऊ खाचा असतात, युद्धानंतरच्या नागरी जीपला, म्हणजे सीजेला, सात. सीजे ३बी तर उंच बॉनेटवरून लगेच ओळखू येते. ती १९५३ ची रचना आहे, युद्धातली नाही.

चासीखाली झोपून बघायची लाज बाळगू नका. नुकतंच मारलेलं काळं डांबर दिसलं की संशय घ्या. त्याखाली गंज किंवा वेल्डिंग असू शकतं. स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर जिथे चासीला बसतात तिथे तडे बघा. बॉडीवर लोहचुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टीचा जाड थर आहे.

आता फोर बाय फोर. गिअरशेजारी दुसरा दांडा दिसला म्हणजे पुढची चाकं ओढतात असं नाही. कधीकधी शाफ्टचा सांधा (क्रॉस) किंवा पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा शाफ्टच काढलेला असतो. ही चाचणी डांबरी रस्त्यावर करू नका, वळताना गाडी आखडते आणि ट्रान्स्फर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) ताण येतो. हिप्परग्याच्या बाजूला किंवा ओळखीच्या कोणाच्या काळ्या रानात भुसभुशीत जमीन शोधा, पुढच्या चाकांचे हब लॉक करा, दुसऱ्या दांड्याने लो (जास्त ताकदीचा गिअर) टाका आणि मित्राला पुढची चाकं बघायला उभं करा. चारही टायर एकाच मापाचे हवेत.

इंजिनासाठी न सांगता सकाळी जा आणि बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी ते सुरू केलेलं आहे, मग दुसऱ्या दिवशी परत या. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडा. तिथून धूर भकभक येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत. जाड ऑइल टाकून निळा धूर काही दिवस दाबता येतो, म्हणून मे महिन्याच्या दुपारी तुळजापूरचा घाट चढून-उतरून बघाच. मावसभावाच्या गाडीत रेडिएटर चोक झाला होता आणि पंख्याभोवतीचं कव्हरच काढून टाकलेलं होतं. पन्नासच्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर किंगपिनचे (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खुंटा) बेअरिंग आणि टाय रॉडची (स्टिअरिंगचा चाकांना जोडणारा दांडा) टोकं तपासा. थरथर शोषणारा नवा डॅम्पर लावून हे लपवतात.

व्यवहार ठरला की मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाची सही तुमच्यासमोर घ्या. विक्रेता 'मालक बाहेरगावी आहे' म्हणाला तर इसार खिशातच राहू द्या. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची फॉर्म २९सी ची नोंद करावी लागते. ती दाखवा म्हणा.