बटणांच्या डबीतली बक्षिसं

बक्षीस आधी जाहीर करून मी गाठलेलं पहिलं ध्येय चालण्याचं होतं. रोज चाळीस मिनिटं, सलग ३० दिवस. बक्षीस असं ठरलं होतं: एकतिसाव्या दिवशी सुट्टी, मनसोक्त खाणं आणि एक मालिका संपेपर्यंत जागरण. तीस दिवस पुरे झाले आणि बक्षीस अगदी ठरल्याबरहुकूम घेतलं. पहाटे तीनला झोपले ती अकराला उठले, डोकं जड आणि पोट तुडुंब. चालायचे बूट दाराशी होते. पुढचे १९ दिवस ते तिथेच राहिले. आकडा अंदाजाने सांगत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी रोज फुली मारत होते, त्या फुल्यांच्या मधलं ते भगदाड जुन्या कॅलेंडरवर अजून दिसतं.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, समासात खूण करायची आणि पुढे जायचं. त्यामुळे आपलीच चूक सापडायला १९ दिवस लागले याची जरा लाजच वाटली. महिनाभर शरीराला जे वळण लावलं, ते मोडायचीच मुभा मी त्याला बक्षीस म्हणून दिली होती. तेव्हापासून तीन-चार वर्षं या बक्षिसांशी खटपट चालू आहे. त्यातलं जे टिकलं ते इथे देते.

आधी बक्षीस चावतं का ते बघा

आयलेट फिशबाख आणि रवी धर या संशोधकांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वजन कमी करू पाहणाऱ्या काही लोकांना, आपली बरीच प्रगती झाली आहे, असं वाटेल अशी व्यवस्था केली आणि मग जाताना चॉकलेट किंवा सफरचंद यातलं एक उचलायला सांगितलं. प्रगती झाली असं वाटलेल्यांनी चॉकलेट जास्त प्रमाणात उचललं. ‘एवढं केलंय, आता चालतंय’ हे वाक्य आपण सगळेच मनात म्हणतो. बक्षिसाच्या नावाखाली त्याला आमंत्रण देऊ नये, इतकंच.

माझी चाचणी साधी आहे. ‘मी अमुक केलं म्हणून आता तमुक’ हे वाक्य मोठ्याने म्हणायचं, मनातल्या मनात नाही. ‘मी दोन महिने पैसे साठवले म्हणून आता खरेदी.’ ‘मी आठवडाभर वेळेवर झोपले म्हणून आता जागरण.’ कानाला हसू आलं की बक्षीस बदलायचं.

म्हणजे गोडाला कायमचा मज्जाव असं मात्र नाही. प्रबंधाचं एक प्रकरण पूर्ण झालं म्हणून कुणी आवडता पदार्थ खाल्ला तर त्या प्रकरणाला काही होत नाही. पण तुमची झटापट खाण्याशीच असेल, तर खाणं शिक्षा म्हणूनही नको आणि बक्षीस म्हणूनही नको. तो विषय या व्यवहारातून बाहेरच काढा. दारू आणि तंबाखूबद्दल तर माझं मत याहून कडक आहे. ‘फक्त एकदाच, बक्षीस म्हणून’ ही ज्या गोष्टींची जुनी युक्ती आहे, त्यांना यादीत जागा देऊ नये.

चोरून काय करता ते लिहून काढा

बक्षिसांची यादी करायला बसलं की हात आपोआप दुसऱ्यांच्या आवडी लिहितो. माझ्या पहिल्या यादीत सुगंधी मेणबत्ती होती. ती सगळ्यांच्याच यादीत असते. एकदा लावली आणि अर्धा तास शिंकत बसले.

मग मी उलट बाजूने शोधायला सुरुवात केली. एक आठवडा एक कागद खिशात ठेवला आणि काम टाळून, कुणाला न सांगता मी काय करते ते त्यावर टिपत गेले. यादी अशी निघाली. बाहेरून आल्यावर लगेच वर न जाता जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर दहा मिनिटं नुसतं बसणं. एका शब्दासाठी शब्दकोश उघडून पुढची तीन पानं वाचत राहणं. आंघोळीला गरजेपेक्षा जास्त वेळ लावणं. फोन मुद्दाम दुसऱ्या खोलीत विसरणं. चारही गोष्टी बिनखर्चाच्या आहेत, आणि चारही ठिकाणी मला कुणी हाक मारू शकत नाही. मला काय हवं होतं ते मलाच त्या कागदाने सांगितलं. मला वस्तू नको होती, कुणी न अडवलेला वेळ हवा होता.

डेव्हिड प्रेमॅक या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये हेच शास्त्रीय भाषेत मांडलं होतं: मोकळं सोडलं तर जे काम आपण जास्त करतो, ते कमी केल्या जाणाऱ्या कामाचं बक्षीस म्हणून वापरता येतं. म्हणून आपल्याला काय आवडायला हवं याचा विचार बाजूला ठेवा आणि आपण खरोखर काय करतो ते टिपा. तुमच्या कागदावर कदाचित जुन्या मैत्रिणीशी लांबलचक गप्पा येतील, कुंड्यांशी खेळणं येईल, जुने फोटो चाळणं येईल. मोबाइलवर बोट फिरवत बसणंही येईल. ते टिपून ठेवा, पण त्यापुढे एक प्रश्न लिहा: उठल्यावर बरं वाटतं का? माझ्याकडे त्याचं उत्तर सातही दिवस ‘नाही’ आलं, म्हणून ते गळलं. पायरीवर बसणं सातही दिवस ‘हो’ होतं.

या यादीत एक मात्र जपा. झोप, जेवण, औषध, डॉक्टरकडे जाणं, माणसांची माया या गोष्टी बक्षीस नव्हेत. त्या ध्येय चुकलं तरी मिळायलाच हव्यात. काम संपेपर्यंत जेवणार नाही, असं मी एकदा केलं होतं. काम संपलं नाही, चिडचिड मात्र भरपूर झाली आणि शेवटच्या पानांतल्या चुका दुसऱ्या दिवशी लेखकाने दाखवल्या.

डबी, बरणी आणि टण्ण

आता माझी पद्धत. घरात जुन्या कपड्यांच्या बटणांची एक पत्र्याची डबी आहे, घरोघरी असते तशी. शेजारी एक रिकामी काचेची बरणी ठेवली. चालून आले की बूट काढायच्या आधी डबीतलं एक बटण उचलायचं आणि बरणीत टाकायचं. रिकाम्या काचेवर बटण पडलं की ‘टण्ण’ असा आवाज होतो. हसू नका, पण पहिले काही आठवडे मी त्या आवाजासाठी चालले. एका जुन्या कोटाची चार मोठी काळी बटणं आहेत, ती मी वेगळी ठेवली. ज्या दिवशी अजिबात जायचं नव्हतं आणि तरी गेले, त्या दिवशी कोटाचं बटण. ते पडताना आवाजही जाड येतो.

पाच बटणं झाली की एक चिठ्ठी. चिठ्ठ्या दुसऱ्या एका डब्यात घड्या घालून ठेवल्या आहेत: ‘पायरीवर वीस मिनिटं’, ‘शब्दकोश, मनाला येईल ते अक्षर’, ‘फोन बंद करून अर्धा तास गच्चीवर’, ‘आज रात्रीची भांडी दुसरं कुणीतरी’. ही शेवटची घरच्यांना विचारूनच टाकली. दुसऱ्याच्या खिशातून बक्षीस द्यायचं तर त्याची संमती हवी.

तीस दिवसांनी एक मोठं बक्षीस ठेवण्यापेक्षा रोज एक बटण जास्त काम करतं, कारण लांबचं फळ मनाला फार लहान दिसतं. कष्ट आज आणि सुख पुढच्या महिन्यात, हा हिशेब सकाळी सहा वाजता अंथरुणात कुणालाच पटत नाही. म्हणून कृती आणि बक्षीस यांत अंतर ठेवू नका. बटण बूट काढायच्या आधी टाकायचं हा नियम त्यासाठीच आहे.

आणि चिठ्ठ्या कशाला, सरळ ठरलेलं बक्षीस का नको? वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. फळाच्या रसाचा थेंब अनपेक्षित मिळाला की माकडाच्या मेंदूतल्या डोपामिन हे संदेश नेणारं रसायन सोडणाऱ्या पेशी उसळत. रसाच्या आधी ठरावीक खूण दिसते हे त्याला कळलं, की पेशी खुणेलाच उसळू लागल्या आणि ठरल्याप्रमाणे मिळालेल्या रसाला गप्प राहिल्या. खूण दिसूनही रस आला नाही तर पेशींचं काम नेहमीपेक्षाही मंदावे. माकडावरून माझ्या बरणीवर थेट उडी मारणं धाडसाचं आहे हे मला कळतं. तरी ठरलेलं बक्षीस चौथ्या वेळी फिकं लागतं आणि घडी उलगडताना बोटांना थोडी घाई होते, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. त्याच प्रयोगांतून आणखी एक शिकले. कबूल केलेलं बक्षीस बुडवायचं नाही. ‘आज वेळ नाही, उद्या’ असं दोनदा झालं की बरणी आपल्यावर विश्वास ठेवत नाही.

एक धोका सांगून ठेवते. चिठ्ठीत काय निघेल हे माहीत नसावं, पण चिठ्ठी मिळणारच हे पक्कं असावं. मिळेल की नाही यावरच खेळ सुरू झाला तर तो जुगार झाला.

माझ्या लेकीने हे सगळं पाहिलं आणि म्हणाली, “आई, तू स्वतःलाच लाच देतेस.” मी म्हटलं, “लाच काम व्हायच्या आधी देतात गं. हे नंतरचं आहे.” त्यावर ती म्हणाली, “मग तू आत्ता गच्चीवर का बसली आहेस? बूट तर कोरडेच आहेत.” बाहेर चिखल होता. उत्तर नव्हतं. तेव्हापासून एक नियम वाढला: आगाऊ बक्षीस बंद.

बटण कशासाठी टाकायचं

आपल्या हातात आहे त्यासाठी. काट्यावर आकडा खाली आला म्हणून बटण टाकलं तर एखाद्या आठवड्यात सगळं नीट करूनही हात रिकामा राहतो, आणि दुसऱ्या आठवड्यात काही न करता भरतो. चालले की बटण. नोकरी मिळाली म्हणून नव्हे, अर्ज पाठवला म्हणून.

बक्षीस कुठे देऊ नये

हे मला सगळ्यात उशिरा कळलं. चालणं रुळल्यावर उत्साहाच्या भरात मी चित्र काढण्यालाही बटण लावलं. चित्रं मी लहानपणापासून काढते, पेन्सिलीने, विशेष काही नाही. भांडी, हात, झोपलेलं मांजर. बटण लागल्यावर चित्रं वाढली आणि लहान झाली. एका बैठकीत तीन व्हायला लागली. मांजराचे कान काढले की झालं, टाक बटण. दीड महिन्याने वही बंद पडली.

मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या मुलांवर नेमकं हेच पाहिलं होतं. चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांपैकी काहींना ‘चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असं आधी सांगितलं. काहींना ते अचानक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळात, आधी कबूल करून बक्षीस मिळालेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढताना दिसली. म्हणून जे काम बक्षिसाशिवायही आवडतं त्याला चिठ्ठी लावू नका. ते काम स्वतःच चिठ्ठीवर लिहा. माझ्या डब्यात आता ‘मांजराचं चित्र, घाई न करता’ अशी एक घडी आहे.

काही कामांत बक्षीस आतच मिसळता येतं. आवडती कादंबरी फक्त व्यायाम करतानाच ऐकायची, असा प्रयोग कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी केला. लोक सुरुवातीला जास्त वेळा व्यायामाला गेले, मधे मोठी सुट्टी आली आणि परिणाम ओसरला. मी कपड्यांच्या घड्या घालताना हे वापरते. चालताना नाही, तेव्हा मला कान मोकळे हवे असतात.

किती दिवस चालवायचं

२१ दिवसांत सवय लागते हे सगळीकडे ऐकू येतं. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. तेव्हा दिवस मोजून बक्षीस बंद करू नका. बटण टाकायला विसरलात पण काम झालं, असं आठवड्यात दोनदा घडलं की हळूहळू चिठ्ठ्या लांबवा. पाच बटणांची आठ करा, मग बारा. मधे खंड पडला तर बरणी रिकामी करायची नाही. पडलेली बटणं पडलेलीच राहतात. माझ्या पहिल्या कॅलेंडरवर मी सलग फुल्यांचाच हट्ट धरला होता, आणि एक दिवस चुकल्यावर पुढचे अठरा त्या हट्टानेच खाल्ले असावेत.

सध्या बारा बटणांना एक चिठ्ठी चालू आहे. परवा बारावं पडलं, कोटाचं, कारण सकाळपासून पाऊस लागला होता. घडी उलगडली तर निघालं ‘फोन बंद करून अर्धा तास गच्चीवर’. दुसरी उचलायचा मोह झाला. मग फोन बंद केला आणि छत्री शोधायला गेले.